मिनी कूपर एस आर५३: छोटी पुली, वाढलेला बूस्ट आणि मधली गरमी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की २००५ची आर५३, म्हणजे सुपरचार्जरवाली मिनी कूपर एस घेतलीय, इंजिन अजून स्टॉक आहे, म्हणजे कंपनीतून आलं तसंच, किलोमीटर बऱ्यापैकी झालेत, आणि तुम्हाला २२० एचपीच्या आसपास जायचंय. त्यासाठी सुपरचार्जरला (बेल्टवर चालणारा, इंजिनात हवा कोंबणारा ब्लोअर) १९ टक्के छोटी पुली, उघडा कोन फिल्टर आणि मागचा एक्झॉस्ट असा बेत आहे, मॅपचं (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोल आणि स्पार्कचं सेटिंग) नंतर बघू म्हणताय. उत्तर आधी देतो, कारणं मग. २२० एचपी या गाडीत होतात आणि रोज चालवता येतील असे होतात, पण ते १९ टक्क्यांच्या पुलीतून येत नाहीत. १५ टक्क्यांची पुली, मोठा इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा), हेडर (मोकळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड), मोठे इंजेक्टर, हेडवर किंवा कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) थोडं काम आणि तुमच्याच गाडीवर करून घेतलेला मॅप, हे सगळं मिळून तो आकडा येतो. आणि यातलं काहीही सुरू करायच्या आधी गाडीची तब्येत बघून घ्या, कारण या गाड्या आता सगळ्याच जुन्या झाल्यात.

कंपनीने स्वतः काय केलं ते बघा म्हणजे मुद्दा पटेल. सुरुवातीची कूपर एस १६३ एचपीची होती, २००४च्या बदलानंतर १७० झाली. मग जॉन कूपर वर्क्सच्या किटने २०० आणि पुढे २१० झाले. २००६ची जीपी ही खास आवृत्ती आली ती २१८ एचपीची, फक्त २००० गाड्या बनवल्या. सगळ्यांमध्ये तेच १५९८ सीसीचं ट्रायटेक इंजिन आणि तोच ईटन एम४५ सुपरचार्जर. वर्क्सच्या किटमध्ये पुली कितीने छोटी होती? ११ टक्के. बाकीची ताकद हेड, एक्झॉस्ट, इंजेक्टर, मॅप आणि जीपीमध्ये त्याच्या जोडीला मोठा इंटरकूलर यातून काढली. म्हणजे ज्यांच्याकडे सगळी साधनं होती त्यांनी पुली सगळ्यात कमी ताणली आणि बाकी सगळं मोकळं केलं. आपण लोक बरोबर उलटं करतो कारण पुली स्वस्त पडते, एका दुपारात बसते आणि लगेच फरक जाणवतो.

आता हे असं का ते समजून घ्या, थोडं गणित आहे पण एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

एम४५ म्हणजे एका फेऱ्याला ४५ घन इंच, साधारण ७३७ सीसी हवा पुढे ढकलणारा ब्लोअर. रूट्स प्रकारचा आहे, म्हणजे तो आतमध्ये हवा दाबत नाही, नुसती उचलून पुढे टाकतो. इंजिन क्रँकच्या एका फेऱ्याला जेमतेम ८०० सीसी घेतं, ब्लोअर स्टॉक पुलीवर क्रँकच्या साधारण दुप्पट फिरतो म्हणजे त्याच वेळात १४७० सीसीच्या आसपास देतो, आता ८०० च्या जागेत १४७० कोंबायचं तर दाब वाढणारच. १.८ पट येतो, म्हणजे गेजवर ०.८ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब), अकरा-साडेअकरा पीएसआय. स्टॉक आर५३ मध्ये साधारण एवढाच दिसतो. हा दाब मॅनिफोल्डमधली हवा उलट ब्लोअरमध्ये आदळून तयार होतो आणि त्यात प्रचंड उष्णता तयार होते. रूट्सची कार्यक्षमता ५५ टक्के धरली आणि बाहेरची हवा ३० अंश असेल तर ब्लोअरमधून बाहेर येणारी हवा १३० अंशाच्या आसपास असते. स्टॉक गाडीत, हो.

आता १५ टक्के छोटी पुली लावली. व्यास १५ टक्क्यांनी कमी म्हणजे वेग १५ टक्क्यांनी नाही, साडेसतरा टक्क्यांनी वाढतो, १ भागिले ०.८५ करून बघा. १९ टक्क्यांच्या पुलीला हाच आकडा साडेतेवीस होतो. ६८०० आरपीएमला स्टॉक ब्लोअर १३,६०० च्या आसपास फिरतो, १५ वाल्यावर १६,०००, १९ वाल्यावर पावणेसतरा हजार. दाब १५ वाल्यावर समजा १.०५ बार झाला. पण वेग वाढला तसा ब्लोअर आतून जास्त गळतो, जास्त घुसळतो, कार्यक्षमता पन्नासवर आली तर बाहेर येणारी हवा १६५-१७० अंश. इंटरकूलरने साठ टक्के उष्णता काढली तरी इंजिनात जाताना स्टॉकला ७० अंश आणि छोट्या पुलीला ८५ अंश. घनता काढली तर दाब १४ टक्क्यांनी वाढला पण हवा प्रत्यक्षात ९ टक्केच जास्त गेली. आणि ही परिस्थिती चांगली धरली तर, इंटरकूलर तापून बसला की ते ९ सुद्धा राहत नाहीत.

शिवाय ब्लोअर फिरवायला ताकद लागते ती बेल्टमधून, क्रँकवरून. दाब गुणिले हवेचं आकारमान एवढं साधं गणित केलं तरी स्टॉकला टॉप एंडला १८ एचपीच्या आसपास ब्लोअर खातो, १५ वाल्यावर २८, १९ वाल्यावर तीसच्या वर, आणि हे घर्षण न धरता. म्हणजे १५ वरून १९ वर जाताना मिळणारी जास्तीची हवा गरम, ती मिळवायला बेल्टवर जास्त ओढ, आणि हवा गरम म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, मागे घेणार. थंड सकाळी पहिल्या पुलला (पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन मारलेली धाव) १९ वाली छान आकडा दाखवते, तिसऱ्या पुलला १५ वाल्याच्या खाली येते. म्हणून माझं मत पक्कं आहे, रस्त्यावरच्या गाडीला १५, फार तर १७. १९ ची पुली तुम्ही घेतली असेल तर परत करता येते का बघा.

तब्येतीचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात जास्त लोक हेच टाळतात.

या गाडीत वॉटर पंप स्वतंत्र बेल्टवर नाहीये, तो सुपरचार्जरच्या मागच्या बाजूच्या गिअरवरून चालतो. म्हणजे सुपरचार्जर हा नुसता ताकदीचा पार्ट नाही, तुमचं अख्खं कूलिंग त्याच्यावर लटकलंय. सुपरचार्जरमध्ये तेलाच्या दोन वेगळ्या जागा आहेत, एक पुढे पुलीच्या बाजूला आणि एक मागे या पंपाच्या गिअरच्या बाजूला. सर्व्हिसच्या वेळापत्रकात हे तेल बदलायचं कुठेच लिहिलेलं नाही, आयुष्यभराचं म्हणून भरलेलं. पण एवढ्या वर्षांनी ते काळं, चिकट आणि कमी झालेलं असतं, मागच्या बाजूला तर कधी कधी जवळपास काहीच उरलेलं नसतं. ते गिअर कोरडे पडले की झिजतात आणि एक दिवस वॉटर पंप फिरायचा थांबतो, बेल्ट शाबूत, सुपरचार्जर फिरतोय, बूस्ट येतोय, आणि कूलंट जागच्या जागी उकळतंय. ॲल्युमिनियमचं हेड आहे, तापून वाकायला वेळ लागत नाही. आता या वॉटर पंपाला १९ च्या पुलीमुळे साडेतेवीस टक्के जास्त वेगाने फिरवायचं म्हणताय, तर आधी तेल बदला ना.

त्यासाठी पुढचा भाग सर्व्हिस पोझिशनला पुढे ओढून सुपरचार्जर काढावा लागतो, काम मोठं आहे, पण मग त्याच वेळी करायची कामं एकत्र करा म्हणजे पुन्हा उघडावं लागणार नाही. वॉटर पंप नवीन, पंपाचे ओ-रिंग, थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग, क्रँक सेन्सरचा ओ-रिंग जो हमखास तेल गाळतो, इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंचे रबरी बूट, सुपरचार्जरचे गास्केट. पुलीसुद्धा याच वेळी बदला, सुपरचार्जर टेबलावर असताना पुली ओढून काढणं फार सोपं जातं आणि शाफ्टवर वेडावाकडा जोर येत नाही. रोटर हाताने फिरवून बघा, खरखर वाटली, शाफ्टला खेळ जाणवला किंवा रोटरवर घासल्याच्या खुणा दिसल्या तर पुलीचा विचार तिथेच थांबवा आणि आधी बेअरिंग बदलून घ्या. २००४च्या बदलानंतरच्या सुपरचार्जरमध्ये रोटरवर कोटिंग आहे, तुमची २००५ची आहे म्हणजे ते असणार, त्याचे पापुद्रे सुटलेत का तेही बघा.

एक्स्पान्शन टँक प्लास्टिकचा आहे आणि जोडावर फुटतो. ॲल्युमिनियमचा मिळतो, तो लावा आणि विसरून जा. रेडिएटर फॅनचा लो स्पीडचा रेझिस्टर जळलेला असतो बऱ्याच गाड्यांचा, मग फॅन चालूच होत नाही जोपर्यंत तापमान खूप वर जाऊन हाय स्पीड लागत नाही, आणि ट्रॅफिकमध्ये तोपर्यंत बॉनेटखालचं सगळं भाजलेलं असतं. इंटरकूलर इंजिनच्या वरच बसलाय हे लक्षात घ्या, त्यामुळे फॅन नीट चालणं हा कूलंटएवढाच इनटेकच्या हवेचाही प्रश्न आहे.

मग क्रँकची पुली. ती दोन भागांची आहे, मध्ये रबर, म्हणून तिलाच डॅम्पर म्हणतात, रबर सुटलं की बाहेरची रिंग आतल्यावर घसरते किंवा डुलायला लागते. इंजिन चालू ठेवून टॉर्च मारून बघा, किंचित डुलताना दिसली तरी बदला. जुन्या रबराच्या डॅम्परवर छोट्या सुपरचार्जर पुलीची जास्तीची ओढ टाकणं म्हणजे तो कधी सुटणार एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. इथे एक महत्त्वाची गोष्ट, बाजारात हलकी सॉलिड ॲल्युमिनियमची क्रँक पुली मिळते, इंजिन झटकन फिरतं म्हणून विकतात, ती घेऊ नका. डॅम्पर क्रँकचे टॉर्शनल व्हायब्रेशन मारायला असतो, चार सिलिंडरचं इंजिन आहे, ७००० च्या जवळ फिरवायचंय, तो काढून टाकणं चुकीचं आहे. चांगल्या प्रतीचा परफॉर्मन्स डॅम्पर घ्या, महाग आहे पण या यादीतल्या कुठल्याही ताकदीच्या पार्टच्या आधी माझे पैसे तिथे जातील.

बेल्ट टेन्शनर पण बघा, त्याचा छोटा डॅम्पर गेलेला असतो आणि बुश झिजलेले असतात. छोट्या पुलीला बेल्टचा वेढा कमी मिळतो, ओढ जास्त, आणि टेन्शनर ढिला, मग बेल्ट ५५०० च्या वर घसरतो. लक्षण ओळखायचं कसं, बूस्ट गेजवर वर जाता जाता एका ठिकाणी काटा थांबतो किंवा खाली यायला लागतो आणि लोकांना वाटतं आणखी छोटी पुली पाहिजे. बेल्ट थोडा छोटा लागतो छोट्या पुलीला, पुलीसोबत जो सांगितलाय तोच घ्या, जुनाच बेल्ट ताणून चालवू नका.

हे सगळं झालं, कॉम्प्रेशन टेस्ट केली, चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आले, सकाळी थंड स्टार्टला टायमिंग चेनची खडखड नाही, तर मग ट्यूनिंग. चेन टेन्शनर स्वस्त आहे, शंका असली तरी बदलून टाका.

आता तुमच्या बेतातल्या बाकीच्या दोन गोष्टी. कोन फिल्टर. पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट ब्लोअरला आत येणारी हवा किती मोकळी आणि किती थंड यातच सगळं आहे, कारण तो आकारमान मोजून घेतो, वजन नाही. ब्लोअरच्या आधी वाटेत ५ किलोपास्कलचा अडथळा असेल तर ५ टक्के हवा तिथेच गेली, आणि वर त्याच बूस्टसाठी दाबाचं गुणोत्तर वाढलं म्हणजे गरमी पण वाढली. त्यामुळे चांगला इनटेक या गाडीत खरोखर काम करतो, टर्बो गाडीपेक्षा जास्त. पण उघडा कोन इंजिनच्या मागे गरम कोपऱ्यात बसवला तर तो बॉनेटखालची हवा ओढतो, आत येणारी हवा १० अंशाने गरम झाली की तीन टक्क्यांहून जास्त घनता गेली आणि ब्लोअरच्या बाहेर ती १३ अंशाने गरम झालेली असते. आवाज मात्र भारी येतो, ब्लोअरची ती शिट्टी ऐकायला मलाही फार आवडते. पण घ्यायचाच तर बंद डब्यातला घ्या ज्याला बाहेरून हवेची वाट आहे, नाहीतर स्टॉक डब्यात चांगला फिल्टर टाका आणि डब्याला बाहेरच्या हवेची वाट मोठी करा, पहिल्या टप्प्याला ते पुरतं.

मागचा एक्झॉस्ट. कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मागचा भाग बदलून आवाज बदलतो, ताकद किरकोळ. अडथळा पुढे आहे, मॅनिफोल्ड आणि कॅटमध्ये. पैसे हेडर आणि चांगल्या प्रवाहाच्या कॅटवर घाला, कॅट काढून टाकू नका, तुमच्याकडच्या उत्सर्जनाच्या नियमात बसेल असा घ्या. सुपरचार्ज्ड इंजिनला मोकळ्या हेडरचा जास्त फायदा होतो कारण इनटेकचा दाब एक्झॉस्टपेक्षा जास्त असतो, जळालेला वायू बाहेर नीट ढकलला जातो, सिलिंडरमध्ये गरम वायू कमी उरतो आणि नॉकची (मिश्रण अवेळी पेटून ठोके पडण्याची) शक्यता कमी होते. टर्बोमध्ये हे असं सहज होत नाही.

आणि इथे एक गोष्ट सांगतो जी पहिल्यांदा बघताना लोक घाबरतात. हेडर, कॅम किंवा हेडचं काम केलं की गेजवर बूस्ट कमी दिसतो. एक-दीड पीएसआय कमी झाला म्हणून लोक लीक शोधत बसतात. ब्लोअर तेवढीच हवा देतोय, इंजिन ती जास्त सहज गिळतंय, म्हणून तुंबत कमी. बूस्ट गेज म्हणजे मुळात हवा किती तुंबली याचं मोजमाप आहे. बूस्ट कमी आणि ताकद जास्त, शिवाय हवा थंड, यापेक्षा चांगलं काय पाहिजे. म्हणूनच मी म्हणतो या इंजिनचं ट्यूनिंग ब्लोअरच्या नंतरच्या बाजूने, हेड, कॅम, हेडरमधून करायचं. हेड पोर्ट करून, चांगला कॅम टाकून १५ च्या पुलीवर जी गाडी तयार होते ती स्टॉक हेडवरच्या १९ वाल्या गाडीपेक्षा प्रत्येक वेळी सरस निघते, आणि मुख्य म्हणजे भर उन्हातही तशीच पळते.

इंटरकूलर. स्टॉक छोटा आहे, बॉनेटच्या स्कूपखाली आडवा. मोठा घ्या, जीपीच्या धर्तीचा किंवा त्याहून मोठा, पण नुसता मोठा घेऊन होत नाही, स्कूपमधून आलेली हवा त्यातूनच गेली पाहिजे. स्कूपखालचा फोमचा सील वाळून तुटलेला असतो, मग हवा इंटरकूलरच्या बाजूने निसटून जाते, तो सील आणि हवेची दिशा ठरवणारा डायव्हर्टर नीट करा. हे जवळपास फुकटात होणारं काम आहे. दुसरं, इंटरकूलर काढाल तेव्हा आत तेल किती साठलंय ते बघा. पीसीव्हीमधून (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारी वाट) येणारी तेलाची वाफ इनटेकमध्ये जाते, तेल पेट्रोलचा ऑक्टेन खाली खेचतं आणि नॉक वाढवतं, कॅच कॅन (ते तेल अडवणारा डबा) लावून घ्या.

स्पार्क प्लग एक पायरी थंड. एनजीकेच्या क्रमांकात ६ च्या जागी ७, त्यांच्याकडे आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, दुसऱ्या काही कंपन्यांचं उलटं असतं म्हणून खात्री करून घ्या. गॅप थोडा कमी, ०.७ मिमीच्या आसपास, म्हणजे जास्त दाबात स्पार्क विझत नाही. कॉईल आणि प्लग वायर जुन्या असतील तर बदला, मिसफायर झाला की लोक मॅपला दोष देतात.

इंजेक्टर. २०० एचपीच्या पुढे जायचं तर स्टॉक पुरत नाहीत. हिशोब असा, सुपरचार्ज्ड इंजिनला एका एचपीला तासाला ०.६ पाउंडच्या आसपास पेट्रोल लागतं, २०० एचपीला १२० पाउंड, चार इंजेक्टरमध्ये वाटलं तर प्रत्येकी ३०, म्हणजे मिनिटाला ३१५ सीसी, आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर चालवायचा नाही म्हटलं तर ३७० सीसीचा पाहिजे. वर्क्सचे ३८० सीसीचे याच कारणाने सगळे वापरतात. २२० ला तेही काठावर येतात, त्यामुळे ट्यूनरला विचारून त्याच्या अंदाजाचे घ्या, आणि फ्युएल पंप वयाने थकलाय का हे टॉप एंडला प्रेशर बघूनच ठरवा.

आता मॅप, जो तुम्ही नंतर बघू म्हणताय. १५ ची पुली आणि थंड प्लग एवढंच असेल तर स्टॉक मॅपवर गाडी चालते, नॉक सेन्सर आहे, ईसीयू टायमिंग मागे घेऊन सांभाळून घेतं, पण मग तुम्ही पुलीतून मिळवलेलं टायमिंगमध्ये घालवताय. ही गाडी हवेचं वजन थेट मोजत नाही, मॅनिफोल्डचा दाब आणि तापमान बघून टेबलमधून अंदाज काढते. कॅम, हेड, हेडर बदललं की तोच दाब असताना आत जाणारी हवा वेगळी असते आणि ते टेबल चुकीचं ठरतं, मोठे इंजेक्टर टाकल्यावर तर मॅपशिवाय गाडी स्टार्ट करूच नका. बूस्टमध्ये लॅम्ब्डा ०.८० ते ०.८५ मध्ये राहिला पाहिजे, म्हणजे एक भाग पेट्रोलला बाराच्या आसपास भाग हवा असं मिश्रण, आणि हे वाइडबँड सेन्सर लावूनच बघायचं, गाडीतला मूळ सेन्सर या भागात विश्वासाचा नाही. पेट्रोल ९८ रॉनचं (ऑक्टेनचा आकडा) धरून मॅप केला आणि तुम्हाला नेहमी ९५ मिळत असेल तर तो मॅप तुमच्यासाठी नाही, जे पेट्रोल रोज भरता त्याच्यावर मॅप करून घ्या.

ईमेलवर आलेली रेडिमेड फाइल नको. गाडी डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) किंवा रस्त्यावर लॉग करून केलेला मॅप पाहिजे, आणि डायनोवर बॉनेट बंद ठेवून, स्कूपसमोर जोरदार फॅन लावून पुल करायला सांगा. बॉनेट उघडं ठेवून काढलेला आकडा या गाडीत काही सांगत नाही कारण इंटरकूलरला हवा स्कूपमधूनच मिळते, उघड्या बॉनेटवर समोर फॅन लावला तर अवास्तव चांगला येतो आणि फॅन नसेल तर अवास्तव वाईट. पाठोपाठ तीन पुल करून तिसऱ्याचा आकडा विचारा. जो ट्यूनर तिसऱ्या पुलचा ग्राफ आणि त्याच्यासोबत इनटेकचं तापमान आणि टायमिंग रिटार्ड स्वतःहून दाखवतो तो या गाड्या ओळखतो.

वॉटर-मेथनॉलबद्दल कोणीतरी सांगेलच म्हणून लिहितो. रूट्स ब्लोअरच्या गाडीत ते फार छान काम करतं, पाण्याचं बाष्पीभवन किलोला सव्वादोन हजार किलोज्यूलच्या वर उष्णता ओढतं, इनटेकचं तापमान धडाधड खाली येतं. पण ते सुरक्षिततेचा जास्तीचा थर म्हणून लावा, त्याच्या भरवशावर टायमिंग वाढवून मॅप करू नका, टाकी रिकामी झाली किंवा नोझल तुंबलं की त्याच क्षणी इंजिन धोक्यात. आणि २२० च्या खूप पुढे जायचं असेल तर एम४५ ताणण्यापेक्षा ईटनचा टीव्हीएस आर९०० लावणारे किट बघा. जुन्या एम४५ मध्ये तीन लोब आणि ६० अंशाचा पीळ, टीव्हीएसमध्ये चार लोब आणि १६० अंशाचा, एकाच दाबाला हवा बरीच थंड येते आणि फिरवायलाही कमी ताकद लागते. खर्च मोठा आहे पण चौथ्या-पाचव्या छोट्या पार्टवर घातलेले पैसे मोजले तर तेवढाच होतो.

क्लच थकलेला असेल तर नवीन टॉर्कला घसरेल, तेव्हाच बदला, आधी नाही. तुमच्या गाडीत फॅक्टरीचा एलएसडी (एकच चाक नुसतं फिरू न देणारा डिफरन्शियल) आहे का ते ऑप्शनच्या यादीत बघा, २००५ मध्ये मिळत होता, असेल तर नशीबवान आहात कारण पुढच्या चाकांवर २२० एचपी घालताना त्याच्याइतका उपयोगी पार्ट दुसरा नाही. रन-फ्लॅट टायर असतील तर जड आणि कडक असतात, साधे चांगले टायर घातले की गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते, शिवाय पुढचे स्ट्रट टॉवर (सस्पेन्शन वर बॉडीला जिथे जोडलंय ती जागा) वर फुगायचा या गाडीचा त्रासही कमी होतो. स्ट्रट टॉवरवर मजबुतीच्या प्लेट घालून घ्या. ब्रेक फ्लुइड, पॅड, नळ्या, हे ताकद वाढवायच्या आधी.

क्रम विचाराल तर मी तुमच्या गाडीवर आधी सुपरचार्जर काढून तेल, पंप, गास्केट, डॅम्पर, टेन्शनर आणि त्याच फेरीत १५ ची पुली आणि थंड प्लग करेन. मग एक-दोन महिने नुसती चालवेन आणि लॉग ठेवेन, इनटेकचं तापमान बाहेरच्या तापमानाच्या किती वर जातंय, कूलंट कुठे स्थिर राहतंय, कुठल्या आरपीएमला टायमिंग मागे येतंय. त्या लॉगवरून इंटरकूलर आणि हेडर किती तातडीचे आहेत ते कळतं. मग हेडर, इंटरकूलर, इंजेक्टर एकत्र आणि लगेच मॅप. हेड आणि कॅम शेवटी, जेव्हा हेड उघडायला दुसरं काही कारण असेल तेव्हा, आणि त्यानंतर मॅप पुन्हा. २०० च्या आसपास तुम्ही हेड न उघडताच पोचाल, वरचे वीस हेडमधून येतील.

पुली लावायच्या आधीचा आणि नंतरचा लॉग इथे टाका, तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून रेड लाइनपर्यंत एक पूर्ण पुल, बूस्ट, इनटेक तापमान, टायमिंग आणि आरपीएम एवढे चार कॉलम पुरेत. ते बघितलं की बेल्ट घसरतोय का, बायपास व्हॉल्व्ह (बूस्ट नको तेव्हा हवा परत फिरवणारा) नीट बंद होतोय का आणि इंटरकूलर कुठे हरतोय हे नक्की सांगता येईल.